सांगता येणारा आजार

मराठीत वेडासाठी शब्दांची वाण नाही. वेडा, खुळा, चक्रम, भ्रमिष्ट, डोक्यावर परिणाम झालेला, एक स्क्रू ढिला असलेला. संतांच्या वाङ्मयात पिसे लागणे हे भक्तीचे भूषण ठरते, आणि क्रिकेटचे वेड असलेल्या माणसास कोणी उपचारांचा सल्ला देत नाही. मात्र घरातल्या माणसाला खरोखरच भास होऊ लागले की ही सारी शब्दसंपत्ती एकाएकी आटते. 'जरा बरे नसते', 'टेन्शन घेतले आहे', एवढ्यावर घरची मंडळी वेळ मारून नेतात. उलट हात थरथरू लागला, चाल मंदावली, तर 'कंपवात' हा आयुर्वेदातला भारदस्त शब्द हाताशी असतो आणि तो चारचौघांत निःसंकोच उच्चारता येतो. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. शब्दांनी आखलेली ही सीमा मेंदूतही कोठे सापडते का, हा प्रश्न आमच्यासमोर एका ज्येष्ठांच्या आजारपणात उभा राहिला. त्यांच्याविषयी पुढे सांगूच; आधी मेंदूविषयी.

मेंदूतील एका पेशीला दुसरीकडे निरोप पोहोचवायचा तर मधली अतिसूक्ष्म फट ओलांडावी लागते. ही फट ओलांडणाऱ्या रसायनांना चेतापारेषक म्हणतात. डोपामाइन हे त्यांपैकी एक. मध्यमेंदूत काळसर पेशींचा एक पट्टा असतो. त्याचे लॅटिन नाव 'सब्स्टान्शिया नायग्रा', म्हणजे सरळ 'काळा पदार्थ'. येथील पेशी डोपामाइन तयार करतात आणि त्यांचे तंतू 'स्ट्रायटम' या भागापर्यंत जाऊन हालचालींचा आरंभ, गती आणि लय सांभाळतात. या पेशी झडत गेल्या की कंपवात होतो. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये एका निबंधात या आजाराचे वर्णन केले, म्हणून इंग्रजीत त्याला त्यांचे नाव मिळाले.

या काळ्या पट्ट्याच्या लगतच डोपामाइन तयार करणाऱ्या पेशींचा आणखी एक समूह आहे. त्याचे तंतू इच्छा, भावना आणि एखाद्या गोष्टीला महत्त्व वाटणे यांच्याशी निगडित भागांकडे, तसेच कपाळामागच्या मेंदूकडे जातात. स्किझोफ्रेनियात नसलेले आवाज ऐकू येतात, साध्या घटनांत आपल्याविरुद्धचे संकेत दिसू लागतात. त्याचा संबंध डोपामाइनच्या वाढलेल्या कार्याशी जोडला जातो. म्हणजे ज्याला आपण शरीराचा आजार म्हणतो आणि ज्याला मनाचा म्हणतो, त्या दोहोंत एकाच रसायनाचा हात आहे.

हे ज्ञान झाले त्या इतिहासात आपल्याकडच्या सर्पगंधेचा वाटा मोठा आहे. १९३१ मध्ये कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ही वनस्पती उन्माद व रक्तदाब या दोहोंवर गुणकारी असल्याचे लिहिले. १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरील तिच्या परिणामांचा लेख ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष तिकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्या मुळांतून 'रेसर्पिन' वेगळे काढण्यात आले. ते मनोरुग्णांनाही दिले जाऊ लागले. रुग्ण शांत होत. पण काहींचे अंग कंपवाताच्या रुग्णासारखे ताठ होई.

हे असे का होते, याचा उलगडा स्वीडनमध्ये झाला. १९५७ मध्ये आर्विड कार्लसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सशांना रेसर्पिन दिले. ससे निश्चल पडून राहिले. मग त्यांना डोपा, म्हणजे ज्यापासून शरीर डोपामाइन बनविते ते द्रव्य, टोचले, आणि थोड्याच वेळात ससे पुन्हा हालचाल करू लागले. १९६० मध्ये व्हिएन्नात एहरिंगर आणि हॉर्निकिविच यांनी कंपवाताने मृत्यू पावलेल्यांच्या मेंदूंत डोपामाइनची टंचाई दाखवून दिली, आणि लेव्होडोपाच्या उपचाराची वाट मोकळी झाली. कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. आपल्या रानातल्या खाजकुहिलीच्या बियांत हेच लेव्होडोपा असते, हेही येथे नमूद करावेसे वाटते.

आता या शोधाची दुसरी बाजू. स्किझोफ्रेनियाची अनेक औषधे डोपामाइनचा निरोप अडवितात. त्यांनी आवाज थांबतात, पण कधी हात कापू लागतात आणि चेहरा मुखवट्यासारखा होतो. उलट कंपवाताची औषधे डोपामाइनची उणीव भरून काढतात. त्यांनी पाय चालू लागतात, पण कधी नसलेली माणसे दिसू लागतात. गोळी रक्तातून जाते. तिला अमुकच मार्गाने जा, शेजारच्या मार्गावर पाऊल टाकू नको, असे बजावता येत नाही.

हे आम्हाला पुस्तकातून कळण्याआधी सरांच्या घरी कळले. सर आमच्या विभागाचे निवृत्त प्रमुख. कंपवाताचे निदान होऊन काही वर्षे लोटली होती. एकदा भेटायला गेलो असता काकूंनी आम्हाला स्वयंपाकघरात बोलावून घेतले आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "सरांना संध्याकाळी खोलीत लहान मुलं बसलेली दिसतात. हात कापतो ते स्टाफरूममध्ये खुशाल सांगा, पण हे मुलांचं तुम्ही दोघं कुणाकडे बोलू नका हो. लोक म्हणतील, सरांना वेड लागलं."

सर स्वतः मात्र शांत होते. मुले खरी नाहीत हे त्यांना ठाऊक होते. "त्रास काही नाही त्यांचा," ते म्हणाले, "ऐकत बसतात. आपल्या वर्गात इतकी शांतता कधी होती?"

डॉक्टरांनी एक गोळी बंद केली, दुसरीचे प्रमाण घटविले. मुले येईनाशी झाली. पण सदऱ्याची बटणे लागेनात आणि अक्षर बारीक होत होत ओळीच्या शेवटी दिसेनासे होऊ लागले. पुढच्या तपासणीला सरांनी विनंती केली, "डॉक्टर, मला दोन ओळी लिहिता येतील एवढी गोळी राहू द्या. त्या बदल्यात एखादं मूल आलं, तर बसू दे." डॉक्टरांनी मधला मार्ग काढला. किती पावलांच्या बदल्यात किती भास पत्करायचे, हा हिशेब त्या घराने डोळसपणे मांडला; काकूंना मात्र तो कोणापाशी बोलून दाखविता येईना.

याचा अर्थ सारे काही रसायनच आहे, असा आम्ही काढत नाही. अलीकडे आमचे विद्यार्थीही 'डोपामाइन मिळाला' असे सुखाचा समानार्थी शब्द असल्याप्रमाणे म्हणतात. परंतु तेच रसायन शिंकताना रुमाल काढायला हात उचलण्याच्याही कामी येते. एक रसायन कमी पडले म्हणून खिन्नता आली, हे समीकरणही आज पूर्वीइतके साधे मानले जात नाही. या आजारात मुले किंवा प्राणी दिसणे नवलाचे नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. पण ती मुले आपले ऐकत बसली आहेत असे सरांना का वाटावे? त्याचे उत्तर काळ्या पट्ट्यात नाही, सरांच्या चौतीस वर्षांच्या अध्यापनात आहे.

कायद्याने या बाबतीत आपल्या पुढे पाऊल टाकले आहे. २०१६ च्या दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या कायद्यात पार्किन्सन आणि मानसिक आजार दोन्ही एकाच यादीत आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही विम्याचे संरक्षण देणे बंधनकारक केले. बोलीभाषा मात्र अद्याप 'येरवड्याला पाठवा' किंवा 'ठाण्याला पाठवा' या थट्टेपाशी घुटमळते आहे.

नवा पारिभाषिक शब्द घडविल्याने हे बदलेल, असे आम्हाला वाटत नाही. 'मनोविकार' हा शब्द चांगलाच आहे; तो उच्चारताना आवाज खाली येतो, ही अडचण आहे. हात कापतो हे ज्या स्वरात सांगितले जाते, त्याच स्वरात भास होतात हेही काकूंना सांगता यावे, आणि ऐकणाऱ्याने 'औषध कोणते चालू आहे?' एवढेच विचारावे. भाषेच्या अध्यापकांनी आपल्या वर्गापासून याचा आरंभ करायला हरकत नाही.