बंद सरकता जिना

परवा गुडघ्याच्या व्यायामाला गेले आणि पडता पडता वाचले. फिजिओथेरपीचं सेंटर आमच्या उपनगरातल्या जुन्या मॉलमध्ये, दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद, सरकता जिनाही बंद. बंद आहे हे डोळ्यांना दिसत होतं, तरी पहिल्या पायरीवर पाऊल टाकताच तोल गेला. जिना पुढे नेणार, असं पायांनी धरूनच ठेवलं होतं.

याच जिन्यापाशी आईने चप्पल काढली होती. मॉल नवा होता, पॉपकॉर्नच्या वासाने भरलेला. देवळाच्या पायरीशी काढावी तशी तिने चप्पल काढली, हातात घेतली, दुसऱ्या हाताने निऱ्या सावरल्या आणि तिथेच उभी राहिली. मागे लोक खोळंबले. "चल ना गं!" मी वरून ओरडले. ही बाई आमच्यातली नाही असं वाटावं, इतकी मी वर पोचले होते. "तुम्ही या जाऊन. मी बसते खाली."

बसायला बाक नव्हता. कुंडीच्या कठड्यावर टेकली, तर वॉचमनने उठवलं. त्याच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. स्वतःवर रागवायला जमत नाही, म्हणूनही असेल.

मॉल ज्याच्या नावावर जमा आहे त्या व्हिक्टर ग्रुएनला मात्र माणसांनी बसावं असंच वाटत होतं. हा व्हिएन्नाचा ज्यू वास्तुविशारद १९३८ साली नाझींपासून पळून अमेरिकेत गेला. १९५६ साली मिनेसोटात त्याने साउथडेल हा मॉल उभारला तो गावातला चौक छपराखाली आणावा म्हणून. पुढे मॉलचं झालेलं रूप पाहून तो उखडला. आपल्याकडे १९९९ साली हाजी अलीजवळ क्रॉसरोड्स उघडलं, तेव्हा सुरुवातीला मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर ६० रुपये भरा, असा नियम होता. चौकात शिरायला तिकीट!

ऑनलाइनने मॉल मारले म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. लोअर परळला फिनिक्स मिलच्या चिमणीखालच्या मॉलमध्ये आजही गर्दी असतेच. तिथली जागा एका मालकाच्या हातात राहिली, दुकानं भाड्याने. आमच्या मॉलचे गाळे बिल्डरने सुटे सुटे विकले. एक माझ्या मामेभावाने घेतला, अजून त्याचे हप्ते आठवून उसासे टाकतो. बुटांच्या दुकानाशेजारी कोण बसणार हे ठरवणारं कुणी नाही. अर्धे गाळे कुलपात, मेंटेनन्स थकलेला, मग एसी बंद, मग गिऱ्हाईक बंद. आता तिथे क्लासेस आहेत, रक्त तपासायची लॅब आहे, एक विवाहमंडळ आहे. कारंज्याच्या कोरड्या हौदाच्या काठावर रिपोर्टची वाट बघत म्हातारी माणसं बसलेली असतात. कुणी उठवत नाही.

आईला नेलं त्या दिवशी आम्ही घेतलं काय, तर एक प्लास्टिकची बादली आणि दोन टॉवेल. टॉवेल ज्या पिशवीतून आले ती जाड, चकचकीत, मॉलचं नाव छापलेली. आईने ती घडी करून गादीखाली ठेवली. कुणाची वास्तुशांत, कुणाचं डोहाळजेवण असलं की अहेर त्याच पिशवीतून जायचा, आणि नाव बाहेरच्या बाजूला येईल अशी ती हातात धरायची. मला हे तेव्हा दिसलंच नव्हतं. एका बाजूची दोरी तुटली, तेव्हा तिने तिथे परकराची नाडी ओवली.