उएनोचे पाहुणे

टोकियो नगरीत उएनो नावाची एक टेकडी आहे. वसंतात तेथील चेरीची झाडे फुलली म्हणजे सारे शहर तिकडे लोटते. टेकडीच्या पायथ्याशी शिनोबाझु नावाचे कमळांचे तळे असून त्यातील बेटावर बेंतेन देवीचे देऊळ आहे. ही बेंतेन म्हणजे मूळची आपली सरस्वती. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे ती जपानात गेली व तेथलीच होऊन राहिली. या तळ्यापासून टेकडीच्या माथ्यापर्यंत जपानातील सर्वांत जुने, १८८२ साली स्थापन झालेले प्राणिसंग्रहालय पसरले आहे. एका राष्ट्राने दुसऱ्यास प्राणी भेट द्यावा, यात काय काय सामावलेले असते हे ज्यास पाहावयाचे असेल, त्याने या स्थळाची हकीकत अवश्य ऐकावी.

१९४३ साली, महायुद्धाच्या ऐन धुमाळीत, बॉम्ब पडून पिंजरे फुटल्यास हिंस्र पशू शहरात सुटतील, अशा सबबीवर येथील मोठे प्राणी मारून टाकण्याचा हुकूम सुटला. येथे तीन हत्ती होते. विष घातलेले बटाटे ते खाईनात आणि विषाची सुई त्यांच्या जाड कातडीत शिरेना. तेव्हा त्यांना उपाशी ठेवून मारण्यात आले. सप्टेंबरच्या आरंभी मृत प्राण्यांसाठी प्रार्थनासभा झाली, त्या वेळी त्यांपैकी दोन हत्ती अद्याप जिवंतच होते!

युद्ध संपल्यावर टोकियोच्या मुलांनी हत्तीचा ध्यास घेतला. शेकडो मुलांनी पंडित नेहरूंना पत्रे लिहिली. नेहरूंनी १९४९ साली म्हैसूरकडील एक हत्तीण धाडली व तिला आपल्या कन्येचे, इंदिरेचे, नाव दिले. देणारा देश स्वतंत्र होऊन अवघी दोन वर्षे झाली होती. घेणारा अजून परकीय सैन्याच्या अमलाखाली होता. हत्तिणीला कानडी आज्ञाच समजत, म्हणून बरोबर आलेल्या माहुतांनी जपानी रखवालदारांना त्या शब्दांची संथा दिली. इंदिरा १९८३ साली उएनोतच मरण पावली. चौतीस वर्षांत तिला कोणी परत मागितले नाही.

पुढे सप्टेंबर १९७२ मध्ये चीन व जपान यांचे राजनैतिक संबंध जुळले आणि महिन्याभरात कांग कांग व लान लान ही पांडांची जोडी उएनोस आली. त्यांच्या ओझरत्या दर्शनासाठी लोक तासन् तास रांगेत उभे राहिले. १९५७ ते १९८२ या काळात चीनने नऊ देशांना असे तेवीस पांडा दिले. परंतु या कौतुकाची दुसरी बाजूही होती. सिचुआनच्या बांबूवनांत हा प्राणी आधीच विरळा, आणि भेटीसाठी तो रानातूनच धरावा लागे. लान लान १९७९ साली व कांग कांग १९८० साली निवर्तले. मागे पिल्लू राहिले नाही.

१९८४ पासून चीनने देण्याची रीत पालटली. पांडा आता उसना मिळू लागला. मुदत बहुधा दहा वर्षांची, दर वर्षाचे शुल्क ठरलेले आणि परदेशात जन्मलेले पिल्लूही चीनचेच. जपानच्या स्वतःच्या मालकीचा शेवटचा पांडा लिंग लिंग २००८ साली उएनोत मरण पावला. २०११ साली आलेली जोडी उसनी होती. तिच्यापोटी २०२१ साली जन्मलेली जुळी भावंडे जानेवारी २०२६ मध्ये चीनला गेली. त्या सुमारास उभय राष्ट्रांचे संबंध ताणले गेले होते. बदली जोडी आली नाही. १९७२ नंतर प्रथमच जपानात एकही पांडा उरला नाही.

दान करताना 'न मम' म्हणण्याचा आपला परिपाठ. त्या दृष्टीने चीनचा करार कोत्या मनाचा वाटेल. पण थोडा विचार करावा. शुल्काचा पैसा पांडांच्या संवर्धनासाठी खर्चावा, असा संकेत आहे. पैदाशीचे शास्त्र वाढले, आणि भेटीसाठी रान धुंडाळण्याची पाळी राहिली नाही. प्राण्याच्या जातीला उसनवारीच अधिक मानवली, हे कबूल करणे प्राप्त आहे. आणि उदार हाताने दिलेल्या इंदिरेलाही, तुला रान सोडून समुद्रापार जावयाचे आहे काय, असे कोणी विचारले नव्हते.

तरीही उएनोच्या मुलांना या दोहोंतला फरक कळल्यावाचून राहिला नसेल. हत्तीण त्यांच्यादेखत म्हातारी झाली. तिला पाहिलेली मुले आपल्या मुलांचे बोट धरून पुन्हा तिच्यापाशी आली. जुळे पांडा साडेचार वर्षांचे झाले आणि गेले. राष्ट्रांनी प्राण्यांच्या हिताचे करार खुशाल करावेत. परंतु मुलांना ज्याचा लळा लावावयाचा, त्याच्या परतीची तारीख त्यांना आधीच सांगून ठेवावी, एवढी माया त्या कागदात असावयास हरकत नाही.