मोटारसायकलची पडशी: पुण्याहून केळशीस

पडशी हा शब्द आतां घरांतून जवळजवळ नाहींसा झाला आहे. मध्यें खांद्यावर टाकावयाचा पट्टा आणि दोहों टोकांस दोन खिसे, अशी ती जाड्याभरड्या कापडाची दुतोंडी पिशवी. पायीं निघालेला प्रवासी ती खांद्यावर टाकी व तट्टावर बसणारा खोगिरावरून दोन्ही अंगांस सोडी. घोड्यावरच्या मोठ्या पडशीस खुर्जी म्हणत. हल्लींची तरुण मंडळी मोटारसायकलच्या दोहों बाजूंस ज्या पिशव्या बांधून लडाखपर्यंत जातात व ज्यांस तीं 'सॅडलबॅग' म्हणतात, ती ही खुर्जीच होय. तट्टू तेवढें बदललें. तट्टवाल्यास जी काळजी असे, कीं दोन्हीकडचें ओझें सारखें असावें, तंग सैल नसावा आणि जनावराच्या पाठीस कांहीं काचूं नये, तीच काळजी या लोखंडी जनावराच्या बाबतींतही करावी लागते. नाहीं केली तर जनावर निदान अडून तरी बसत असे. यंत्र अडत नाहीं, तें थेट पाडतें.

आमच्या घरीं हा विषय हौसेपोटीं निघाला नाहीं. आमची काकू केळशीच्या घरीं एकटी राहते. वय पंचाहत्तरीच्या पुढें, मधुमेह जुना, आणि दिवसांतून दोन वेळां इन्सुलिन टोंचून घ्यावें लागतें. गांवच्या दुकानीं तिला लागणारें नेमकें औषध नेहमीं मिळेलच अशी खात्री नाहीं, म्हणून दोन महिन्यांचा सांठा पुण्याहून जातो. एरवीं कोणीतरी मोटारीनें जाणारा सांपडे. यंदा मृगाच्या आधीं चार दिवस सांठा संपत आला आणि जाणारा कोणी नव्हता. तेव्हां पुतण्यानें आपली ३५० सी.सी.ची गाडी पुढें केली, व मागें आम्हीं बसावें असें ठरलें.

या ठरावास वहिनींनीं एकच उपसूचना मांडली. "भाऊजी, पाठीवर बोचकें आणि मांडीवर थर्मास घेऊन घाट उतरायचा असेल, तर मी दोघांनाहि जाऊं देणार नाहीं." वरकरणीं हा धाक वाटला, तरी शास्त्र त्यांच्याच बाजूचें होतें. मागें बसलेल्याच्या पाठीवरचें ओझें हें गाडीवर सर्वांत उंच व सर्वांत मागें असतें. वळणावर तें आपल्या गतीनें झुकतें, उतारावर ब्रेक लागतांच पुढच्यावर ढकललें जातें, आणि वाहणाऱ्याचे खांदे दोन तासांत भरून येतात तें वेगळेंच. तेंच वजन बैठकीच्या खालीं, दोहों अंगांस वांटून गाडीला जखडलें, तर तें गाडीचेंच होऊन जातें. दादांनीं निकाल दिला, "जायचें तर नीट बांधाबांध करून जा, पण खर्च बेताचा."

पुण्यांत दुचाकीचें साहित्य म्हटलें कीं नाना पेठ. तेथील दुकानांतून या पिशव्यांचे तीन वर्ण आम्हांस दिसले. पहिला वर्ण ॲल्युमिनियमच्या वा कठीण प्लास्टिकच्या पेट्यांचा. त्यांस कुलूप लागतें, पाणी आंत जात नाहीं, आणि रंगरूप असें कीं पुतण्याची नजर तेथून हलेना. परंतु किंमत पांच आंकडी, पेटी रिकामीच जड, आणि पडलीच तर पाय तिच्याखालीं सांपडण्याची भीति. दुसरा वर्ण कातड्याचा. दिसण्यांत राजबिंडा, पण कोंकणच्या पावसाळ्यांत कातड्यावर आठ दिवसांत बुरशी चढते हें ज्यानें घरांतल्या चपला पाहिल्या आहेत त्यास सांगावयास नको. उरला तिसरा, कापडी. आमच्यासारख्या माणसांचा वर्ण तोच.

कापडी पिशवींतही पाहण्यासारखें पुष्कळ असतें. दुकानदार "हजार डेनियरचें कापड आहे, साहेब" असें मंत्रासारखें म्हणत होता. डेनियर म्हणजे नऊ हजार मीटर लांब धाग्याचें ग्रॅममधलें वजन, एवढाच त्या मंत्राचा अर्थ. धागा जाड आहे एवढें त्यावरून कळतें, शिवण कशी आहे तें कळत नाहीं. आणि पिशवी उसवते ती कापडांत नव्हे, पट्टा जेथें कापडास जोडलेला असतो तेथें. म्हणून आम्हीं प्रत्येक पिशवी उलटी केली. पट्ट्याच्या मुळाशीं चौकोन शिवून त्यांत फुलीचे टांके घातले आहेत कीं नुसती एक धांवती शिवण आहे, हें पाहिलें. साखळीचे दांते मोठे आहेत ना, तळ पुठ्ठ्याचा नसून प्लास्टिकच्या फळीचा आहे ना, हेंही पाहिलें. पुठ्ठा पहिल्या पावसांत लापशी होतो. शेवटीं तीन हजारांच्या आंतली एक साधी काळी जोडी घेतली. तिच्याहून मोठी जोडी थोड्याच अधिक पैशांत मिळत होती. पण पिशवी मोठी असली कीं माणूस ती भरल्यावांचून राहत नाहीं, आणि रुंदी तर खासच वाढते. रुंदीचा आमचा नियम सोपा होता: पिशव्यांनीं हँडलच्या टोंकांबाहेर जाऊं नये. जेथून हँडल निघालें तेथून बाकीची गाडी निघालीच पाहिजे.

पिशवीवर काटकसर करावी, परंतु ती ज्यावर टेंकते त्या लोखंडावर करूं नये, असें आमचें मत या खरेदींत पक्कें झालें. नुसती बैठकीवरून टाकलेली पिशवी खांचखळग्यांत आंत झुलते आणि मागच्या चाकास वा साखळीस लागते. चालत्या चाकानें पट्टा ओढला म्हणजे चाक जागच्या जागीं बांधलें जातें. तें होऊं नये म्हणून दोन्ही बाजूंस लोखंडी नळीची एकेक चौकट बसवितात. बाजारांत तिला 'सॅडल स्टे' म्हणतात. तयार चौकट बाराशें रुपयांस होती. ती आमच्या गाडीच्या भोंकांशीं जुळेना, म्हणून मिस्त्रीनें दोन कान कापून नवे जोडले व त्याचे आणखी तीनशें घेतले. दादा हिशेब ऐकून म्हणाले, "चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला!" कोंबडी महाग होती व मसाला स्वस्त, हें त्यांस कोण सांगणार?

चौकट बसवितांना साडी-गार्डाचा प्रश्न उभा राहिला. डाव्या बाजूस मागच्या चाकावर जी जाळी असते ती काढून टाकली तर पिशवी आणखी आंत बसेल, असें पुतण्याच्या मित्रमंडळाचें म्हणणें. आम्हीं ती काढूं दिली नाहीं. मागें बसणाऱ्याचें वस्त्र चाकांत जाऊं नये म्हणून मागचें चाक निदान अर्धें झांकणारें आवरण असावें असें १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत सांगितलेंच आहे. शिवाय तीच जाळी पिशवीसही चाकापासून दूर ठेवते. आमच्या वाचकभगिनींस या जाळीचें महत्त्व आम्हीं नव्यानें सांगावें असें नाहीं.

उजव्या बाजूची अडचण निराळी. तेथें सायलेन्सर. त्याच्या धगीनें नायलॉन प्रथम चकाकतें, मग आक्रसतें आणि मग वितळतें. आंतल्या औषधाचें काय होईल तें निराळें सांगावयास नको. मिस्त्रीनें चौकट वर उचलून पिशवीचा तळ व सायलेन्सर यांत चार बोटांहून अधिक अंतर ठेविलें. गाडी पंधरा मिनिटें चालू ठेवून आम्हीं त्या फटींत हात धरून पाहिला. कढत वारा लागत होता, पण हात सोसवत होता. तरीही इन्सुलिन डाव्याच पिशवींत जाईल हें तेव्हांच ठरलें.

यानंतरची परीक्षा पुष्कळ लोक घेत नाहींत, ती येथें मुद्दाम सांगतों. गाडी रिकामी उभी असतां सर्व कांहीं ठीक दिसतें. माणसें बसलीं कीं मागचे शॉकॲब्सॉर्बर दबतात, चाक वर येतें, आणि हातभर वाटणारें अंतर बोटावर येतें. म्हणून आम्ही दोघे भरल्या पिशव्यांसह गाडीवर बसून अंगणांतच दणादण उड्या मारूं लागलों. शेजाऱ्यांनीं खिडक्या उघडल्या. धाकटी पुतणी जमिनीवर ओणवी होऊन पाहत होती, ती ओरडली, "काका, अजून दोन बोटें आहेत!" दोन बोटें आम्हांस कमी वाटलीं. शॉकॲब्सॉर्बरचा ताण पुस्तिकेंत दोन माणसांसाठीं सांगितला आहे तेवढा वाढविला, मागच्या चाकांत हवाही तिच्याचप्रमाणें भरली, आणि बोटें चार झालीं.

पट्ट्यांविषयीं थोडेंच सांगावयाचें. मधले पट्टे बैठकीच्या वरून न नेतां बैठक काढून तिच्याखालून नेले; नाहीं तर मागें बसणाऱ्यास त्यांवर बसावें लागतें, व तो आम्हीच होतों. पुढचा पट्टा पावदानाच्या कानास, मागचा चौकटीस. लोंबणारीं टोंकें गुंडाळून दोऱ्यानें बांधलीं. मागचा दिवा, वळण दाखविणारे दिवे व नंबराची पाटी झांकली नाहीं ना, हें अंधार पडल्यावर दहा पावलें मागें उभें राहून पाहिलें.

भरणें वहिनींनीं आपल्याकडे घेतलें. इन्सुलिनची गोष्ट नाजूक. न फोडलेल्या कुप्या २ ते ८ अंश सेल्सिअसमध्यें ठेवाव्या लागतात. उन्हानें तें बिघडतें हें सर्वांस ठाऊक असतें, पण गोठलें तरी तितकेंच वायां जातें हें पुष्कळांस ठाऊक नसतें. वहिनींनीं कुप्या पंचांत गुंडाळून रुंद तोंडाच्या थर्मासांत ठेविल्या, भोंवतीं गार केलेल्या जेलच्या पुड्या लाविल्या, आणि पुडी कुपीस कोठेंही चिकटणार नाहीं असा कापडाचा थर मध्यें घातला. थर्मास डाव्या पिशवींत पुढच्या अंगास, तळाशीं, दोन टॉवेलांच्या बेचक्यांत बसविला. उजवीकडे हत्यारें, पंक्चरचें सामान, पावसाळी कपडे. मग ताणकाट्यावर दोन्ही पिशव्या तोलल्या: डावी सात किलो, उजवी साडेसात. उजवींतला एक पाना डावींत आला. प्रत्येक पिशवींत आंतून एक जाड प्लास्टिकची पिशवी घातली. हा खर्च शून्य, आणि त्याचा उपयोग पुढें कळलाच.

पहाटें साडेपांचास निघालों. पौड मागें पडल्यावर मुळशीचा जलाशय लागतो. याच पाण्याखालीं गेलेल्या जमिनींसाठीं १९२१ मध्यें मावळ्यांनीं सत्याग्रह आरंभिला व पुढें सेनापति बापटांनीं त्याचें पुढारीपण केलें. आज कांठावर चहाचीं व भज्यांचीं दुकानें आहेत. तेथें थांबून सर्व पट्टे पुन्हां ओढले, कारण नवा पट्टा पहिल्या तासांत थोडा ढिला पडतोच. ताम्हिणीच्या उतारावर आम्ही मुद्दाम गाडीच्या चालीकडे लक्ष देऊन होतों. ती वळणांत शिरे, सावरे, आणि ओझें आहे याची जाणीव फक्त ब्रेकला थोडें आधीं बोलवावें लागे एवढ्यापुरती होई. पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही हलतां तें मला कळतें, पिशव्या हलत नाहींत."

माणगांवाहून म्हसळ्याकडे वळलों आणि मृगाच्या आधींच आभाळानें आम्हांस गांठलें. पिशव्यांवर चढवावयाचीं रेनकव्हरें दुकानदारानें मोठ्या प्रौढीनें दिलीं होतीं. त्यांनीं वरून येणारें पाणी अडविलें खरें, पण चाकानें खालून उडविलेलें पाणी आंत घेऊन तें तळाशीं विहिरीसारखें सांठवून ठेविलें. बागमांडल्यास पोहोंचून कव्हर काढलें तेव्हां अर्धा तांब्या पाणी निघालें. आंतल्या प्लास्टिकमुळें सामान कोरडें राहिलें. मिस्त्रीनें मागाहून कव्हरांच्या तळास एकेक लहान भोंक पाडून दिलें.

बागमांडला ते वेसवी हा सावित्रीच्या खाडीचा पल्ला मोटारी-दुचाकी वाहणाऱ्या फेरीबोटीनें ओलांडावयाचा. महाबळेश्वरीं उगम पावलेली ही नदी येथें समुद्रास मिळते. पैलतीरीं बाणकोटचा किल्ला. तो १७५६ मध्यें इंग्रजांकडे गेला व त्यांनीं त्याचें नांव फोर्ट व्हिक्टोरिया ठेविलें. लादलेली गाडी बोटीच्या उतरणीवर नेतांना पिशव्या खालीं असण्याचा फायदा पुन्हां दिसला: पुतण्याचे दोन्ही पाय मोकळे होते व आम्ही उतरून मागून धरूं शकत होतों. डुलत्या फळ्यांवर गाडी तिच्या आडव्या टेंकूवर न सोडतां, गिअरमध्यें ठेवून, तो तिच्यावरच बसून राहिला. शेजारीं पाट्या घेऊन बसलेल्या एका कोळणीनें पिशवीवर बोट टोंचून विचारलें, "काय नेतां यांत?" औषध म्हणतांच तिनें आपली ओली पाटी थोडी पलीकडे सारली.

केळशींत शिरल्यावर रुंदीच्या नियमाची कसोटी लागली. दोहों बाजूंस जांभ्याचे गडगे, मध्यें एक गाडी जेमतेम जाईल अशी पाखाडी, आणि समोरून गवताचा भारा घेतलेला गडी. हँडल निघालें, पिशव्याही निघाल्या.

काकूनें आम्हांस पाणी विचारण्याआधीं थर्मास मागितला. एकेक कुपी गालास लावून पाहिली, मोजली, "गार आहेत हो," म्हणाली, आणि शीतपेटींत दाराजवळच्या कप्प्यांत, बर्फाच्या खणापासून दूर, ओळीनें मांडून ठेविली. त्या दिवशींच्या संध्याकाळच्या टोंचणीसाठीं तिच्याजवळ एकच कुपी उरली होती, हें आम्हांस तेव्हां कळलें.

परतीचें ओझें अर्थातच अधिक झालें. आमसुलें, कुळथाचें पीठ व फणसपोळी आकारास वाकतात, त्यांची तक्रार नाहीं. नारळ मात्र वाकत नाहींत. ते कापडी पिशवीस आंतून ढुशा देतात. म्हणून ते सोलून, पोत्याच्या तुकड्यांत आवळून, तळाशीं घातले. काकूनें अकरा काढून ठेविले होते. पांच डावीकडे, पांच उजवीकडे. अकरावा जिकडे घालावा तिकडे काटा झुके. काकूनें तो उचलला, पायरीवर फोडला, आणि खोबऱ्याचे तुकडे गुळाबरोबर वाटेंत खाण्यासाठीं बांधून पुतण्याच्या खिशांत घातले.