कचेरीत किल्ट

एडिनबर्ग शहरात किल्ट नजरेस पडला नाही असा दिवस क्वचितच मावळतो. रॉयल माइलवर पर्यटकांच्या नाण्यांसाठी बॅगपाइप वाजविणारा वादक, शनिवारी चर्चच्या पायऱ्यांवर छायाचित्रासाठी उभा राहिलेला नवरदेव आणि त्याची मित्रमंडळी, मरेफील्डच्या मैदानाकडे रग्बीच्या सामन्याला निघालेले थवे, या सर्वांच्या अंगावर तो असतोच. परंतु ज्या विम्याच्या आणि पेढ्यांच्या कचेऱ्यांवर या शहराचा चरितार्थ चालतो, त्यांच्या दारांतून सकाळी आत शिरणाऱ्या लोंढ्यात तो शोधू गेल्यास बहुधा सापडावयाचा नाही. तेथे अंमल विजारीचा. म्हणूनच, रॉबर्ट बर्न्स या कवीच्या जयंतीनिमित्त २५ जानेवारीच्या संध्याकाळी आमच्या कचेरीचे सहभोजन ठरले आणि इच्छा असेल त्यांनी त्या दिवशी राष्ट्रीय पोशाखातच कामावर हजर व्हावे, असे परिपत्रक फिरले, तेव्हा स्कॉटिश सहकाऱ्यांनी ते वाचून कागदांखाली सारले, आणि इतकी वर्षे या शहराचे मीठ खाल्लेल्या मला मात्र ती इच्छा आहे, हे माझे मलाच प्रथम कळले.

भाड्याने आणलेल्या किल्टात मन रमेना, म्हणून लीथच्या बाजूला राहणाऱ्या एका वृद्ध किल्ट-कारागिराकडे शिवून घेण्याचा बेत केला. त्यांनी कुळाकुळांच्या चौकटीदार कापडाच्या नमुन्यांची वही पुढे ठेवली आणि आईकडून तरी एखाद्या स्कॉटिश कुळाशी संबंध आहे काय, याची अत्यंत गंभीरपणे चौकशी केली. सातारा जिल्ह्याच्या पलीकडे आमच्या कुळाची वार्ता जात नाही असे सांगितल्यावर, कोणी कोणती चौकट नेसावी याविषयी संकेत पुष्कळ असले तरी कायदा कोणताच नाही, असा निर्वाळा त्यांनी दिला. वहीत मॅकेन्झी कुळाची चौकट फार देखणी होती. परंतु ती ७८ व्या हायलँडर पलटणीची, आणि ही पलटण २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असईच्या रणांगणात शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर चालून गेलेली. तिच्याविषयी मनात आता वैर उरलेले नाही, तथापि ती स्वखुशीने आणि पदरचे पैसे मोजून स्वतःच्या कमरेला गुंडाळावी, इतके औदार्यही अंगी नाही. शेवटी काळसर निळ्या-हिरव्या ब्लॅक वॉचवर बोट ठेवले. ही चौकट सरकारी म्हणूनच ओळखली जाते, आणि ज्याला कूळ नाही त्याने सरकारचा आश्रय करावा, हे आमच्या घराण्याच्या परंपरेला धरूनच होते.

हे वस्त्र जवळून पाहिल्याविना त्याची कल्पना येत नाही. आठ वार जाड लोकरीचे कापड, म्हणजे नऊवारीला अवघा एक वार कमी. त्याचे पुढचे दोन पदर सपाट, वरचा पदर आतल्या पदरावरून उजवीकडे येऊन बकलांनी आवळलेला, त्याच्या कडेला दशा सोडलेल्या, आणि उरलेले सारे कापड पाठीमागे निऱ्यांत जमा झालेले. या निऱ्या अशा कौशल्याने घालतात की दुमडल्यावरही चौकटीची रेघ रेघेला मिळावी. विजारीपेक्षा वर, थेट बेंबीच्या उंचीवर ते बांधावयाचे आणि गुडघ्याच्या वाटीपाशी थांबवावयाचे. खिसा नाही, म्हणून पुढे साखळीने लोंबणारा स्पोरन नावाचा चामडी बटवा. मोज्यात खोचावयाच्या लहानशा सुरीला येथील हत्यारबंदीच्या कायद्याने राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून खास मुभा ठेवली आहे. परंतु विम्याचे दावे नामंजूर करणाऱ्या माणसाने सुरी बाळगून मेजाशी बसणे प्रशस्त न वाटल्याने मी ती घरीच ठेवली. किल्टच्या आत काय नेसतात या जगप्रसिद्ध प्रश्नाचे उत्तर स्कॉटिश माणूस देत नाही, आणि या बाबतीत मी तेथील शिरस्ता पाळणार आहे.

सकाळी साडेआठला नॉर्थ ब्रिजवरून निघालो तेव्हा सूर्य नुकताच वर आला होता. हा पूल वेव्हर्ली स्थानकावरून जातो, आणि समुद्राकडून येणारा वारा त्यावर जणू दबा धरून बसलेला असतो. माझी भीती थंडीची होती, ती निराधार ठरली. आठ वार लोकरीखाली मांड्या उबदार राहतात, गारठतात ते केवळ गुडघे. वाऱ्याचे भय मात्र खरे होते, पण कापडाच्या वजनाने माझी अब्रू राखली. कचेरीच्या दाराशी रखवालदार उभा होता. हा गृहस्थ पूर्वी ब्लॅक वॉच पलटणीत शिपाई होता, हे मला ठाऊक होते, आणि त्यामुळेच त्याच्यासमोरून जाताना पाऊल अडखळले. त्याने मला थांबविले आणि जुन्या सुभेदाराने कवाइतीपूर्वी पाहावे तसे पायापासून वर पाहिले. मोज्यांवरच्या लाल फिती समपातळीत आहेत की नाहीत, किनार गुडघ्याला भिडते की खाली उतरते, एवढे पाहून तो वाकला आणि पदराची टाचणी चिमटीत धरून ती फक्त वरच्याच पदरातून गेली आहे याची त्याने खात्री करून घेतली. दोन्ही पदरांतून गेली तर चालताना कापड फाटते. मग सरळ होऊन म्हणाला, "आम्हांला हुकमाने घालावा लागे, साहेब. तुम्ही हौसेने घातलात. जा आत."

आत गेल्यावर जे होईल म्हणून मनाची तयारी केली होती, ते काहीच झाले नाही. फिरत्या खुर्चीवर बसण्यापूर्वी पाठीमागून हात फिरवून निऱ्या सारख्या कराव्या लागतात, आणि स्पोरन मेजाच्या कडेला आपटू नये म्हणून कमरेवर बाजूला सरकवावा लागतो, या दोन गोष्टी अंगवळणी पडेपर्यंत दुपार झाली. कोणीही 'तुम्हांला हा अधिकार कोणी दिला' असे विचारले नाही. उलट आमच्या विभागाचे प्रमुख, जे पिढ्यान्‌पिढ्या याच शहराचे, ते विजारीतच आले होते, आणि आपण आपल्या लग्नात एकदाच, तोही भाड्याचा, किल्ट घातला, असे काहीशा संकोचाने मला सांगून गेले.

त्यांचा संकोच अनाठायी होता, कारण हा पोशाख त्यांच्या पूर्वजांचा नव्हेच. तो उत्तरेकडील डोंगरी मुलखातल्या हायलँडर लोकांचा. प्लेड नावाचे अखंड वस्त्र जमिनीवर पसरून, त्याच्या निऱ्या घालून, कमरपट्ट्याने अंगाभोवती बांधीत. अर्धे वस्त्र गळून, निऱ्या कायमच्या शिवून, आजचा किल्ट पुढे घडला. सखल भागातला एडिनबर्गचा सभ्य नागरिक त्या वेषाकडे लुटारूचा वेष म्हणून पाही. जॅकोबाइटांचे बंड १७४६ साली कलोडनच्या माळावर मोडल्यावर सरकारने कायदा करून, सैन्यातील लोक वगळता, सर्व पुरुषांना आणि मुलांना हा वेष मना केला: पहिल्या अपराधास सहा महिने कैद, दुसऱ्यास सात वर्षे समुद्रापार हद्दपारी. कायदा १७८२ मध्ये रद्द झाला, तोवर एक पिढी विजारीत वाढली होती. पुढे १८२२ साली चौथा जॉर्ज एडिनबर्गास आला, तेव्हा सर वॉल्टर स्कॉटने स्वागताचा सारा थाट हायलँडी केला, आणि स्थूल देहाच्या त्या राजाने गुलाबी तंग मोज्यांवर किल्ट चढविला. त्यावर मेकॉलेने आपल्या इंग्लंडच्या इतिहासात यथेच्छ टोमणा मारला आहे. आणि गंमत अशी की, ज्याच्या टिपणाने आमच्या पणजोबांची पिढी इंग्रजी शिकून कचेरीत बसली, त्या मेकॉलेचे वडील हायलँडी घराण्यातले. ज्याच्या जयंतीसाठी मी नटलो होतो तो बर्न्स तर सखल प्रांतातला शेतकरी आणि पुढे अबकारी खात्याचा नोकर. नेस्मिथने १७८७ साली काढलेल्या त्याच्या प्रसिद्ध चित्रात तो कोट-जाकिटात आहे.

किल्टवरच्या त्या बंदीचा विचार करता करता मला साताऱ्याच्या मामलेदार कचेरीत अव्वल कारकून असलेले माझे आजोबा आठवले. धोतर, बंद गळ्याचा कोट आणि काळी टोपी या वेषात त्यांनी आयुष्यभर दफ्तरे सांभाळली. वडील त्याच गावात नोकरीला लागले ते विजारीत. मधल्या काळात धोतराविरुद्ध ना कोणी कायदा केला, ना फर्मान काढले, ना कोणाला एक आणा दंड झाला; आणि म्हणूनच ते गेले तेव्हा कोणी हरकत घेतली नाही, कोणी शोकही केला नाही. हायलँडरला आपल्या वेषाची किंमत सरकारने कळविली. आमच्या धोतरावर असा उपकार करण्याइतका द्वेष कोणालाच वाटला नाही.

रात्री जेवणाच्या मेजावर हॅगिसची ताटे फिरत असताना (माझ्या ताटात शाकाहारी, ओट आणि डाळीचा) शेजारी बसलेल्या फाइफच्या बाईंनी विचारले, "तुमच्याकडचा राष्ट्रीय पोशाख कोणता?" मी धोतराचे यथाशक्ति वर्णन केले, काष्टा समजावून सांगताना हातरुमालाचा उपयोग करावा लागला, आणि तो सुटला. पुढच्या वर्षी तेच नेसून या, असा मेजावर एकमुखाने ठराव झाला. नेसण्याची विद्या आमच्या घरात आजोबांबरोबर संपली आहे, हे तेथे सांगण्याचे मी टाळले, आणि दुसऱ्या दिवशी साताऱ्याच्या चुलतभावास धोतराचे एक पान पाठविण्याविषयी लिहिले. त्याचे उत्तर तातडीने आले: "दादा, हल्ली लग्नात सगळे शिवलेलेच घालतात. निऱ्या घातलेल्या असतात, कमरेला नाडी असते, विजारीसारखे चढवायचे. कंबर किती ते कळव."

किल्टवाल्या म्हाताऱ्यांनी घेतलेले माप माझ्याजवळ होतेच. तेच इंचांत कळवून दिले.