काकांचा पखवाज व व्हॉल्वचें यंत्र

आमच्या धाकट्या बंधूंचें कशेळीस गोदाम आहे. ठाण्याहून भिवंडीकडे निघालें व खाडीवरील पूल ओलांडला कीं हें गांव लागतें. दिवसभर मालमोटारींच्या वर्दळीनें तेथें आपलें बोलणें आपणांस ऐकूं येत नाहीं. पण मध्यरात्र उलटल्यावर दोन-एक तास माडीवरची खोली इतकी निवांत असते कीं, आमच्या काकांचा पखवाज तेथेंच मुद्रित करावा असें घरांत सर्वानुमतें ठरलें. पुढें मात्र कशावरही एकमत म्हणून झालें नाहीं.

काका ८१ वर्षांचे. गेल्या वर्षींच्या आजारापासून त्यांचा डावा हात लवकर थकतो. परणींची वही घरांत जपून ठेविलेली आहे. परंतु एखादा बोल किती दाबून, कोठें सैल सोडून वाजवावयाचा, हें वहींत कोण लिहिणार?

यंत्राची निवड पुतण्याकडे आली. तो इंग्रजी पद्धतीचे ड्रम वाजवितो. तेव्हां एकाच खर्चांत दोघांचीही सोय व्हावी हा वडीलधाऱ्यांचा हिशेब. मायक्रोफोनांतून निघणारा विजेचा संकेत फार दुबळा, कित्येकदां व्होल्टाच्या हजाराव्या हिश्श्याएवढा असतो. त्यास हजारपटीपर्यंत वाढविणाऱ्या पेटीस प्रीॲम्प म्हणतात. ती ट्रान्झिस्टरची घ्यावी कीं व्हॉल्वची, हा वाद. जुन्या रेडिओंत तांबूस उजेड देणाऱ्या ज्या काचेच्या नळ्या असत, त्यांनाच व्हॉल्व म्हणत. बीटल्स मंडळींचीं आरंभींचीं गाणीं लंडनच्या ॲबी रोड येथें ज्या मेजावर मुद्रित झालीं, त्यांत व्ही ७२ घराण्यांतील व्हॉल्वचे वर्धक होते, एवढें सांगून पुतण्यानें आमचीं तोंडें बंद केलीं.

पहिलें यंत्र फसवें निघालें. दर्शनी भागीं कांच, आंत नारिंगी प्रभा. घरांतील मुलें खूष! उघडून पाहतां उजेड नळीचा नव्हे, तिच्यामागें बसविलेल्या चिमुकल्या दिव्याचा. ईसीसी ८३ जातीच्या नळीस नीट काम करण्यास दोन-अडीचशें व्होल्ट लागतात. या पेटींत त्याचा लहानसा अंशच तिच्या वांट्यास येत होता. पखवाज त्यांतून पत्र्याच्या डब्यासारखा वाजला. ती परत घेण्यास दुकानदारानें तीन आठवडे घालविले.

नंतर एका स्नेह्यांकडून दोन चांगल्या पेट्या, एक व्हॉल्वची व एक ट्रान्झिस्टरची, चार दिवसांकरितां मागून आणल्या. एकाच मायक्रोफोनचा संकेत दोहोंत विभागला आणि दोहोंचा आवाज मोजून सारखा केला. कारण जो किंचित् मोठा तोच कानास गोड वाटतो, हें एव्हांना आम्हांस कळून चुकलें होतें. काका पाठ फिरवून ऐकत बसले. तंबोरा व्हॉल्वमधून ऐकतांच म्हणाले, "अरे, बाहेर पाऊस लागला कीं काय?" नळीची सूक्ष्म खरखर त्यांनीं बरोबर टिपली. मंद वाद्याचा संकेत पुष्कळ वाढवावा लागतो, त्याबरोबर खरखरही वाढते. पखवाजास ती अडचण नाहीं. त्याच्या थापेचा संकेत मुळांतच जबर. उलट तो २० डेसिबलांनीं उतरविणारी कळ दाबावी लागली. "ही," काका म्हणाले, "हिच्यांत ‘ता’ भरीव लागतो." ती व्हॉल्वची होती.

याचें कारण आम्हांस फार मनोरंजक वाटलें. नळीवर जोर पडला कीं मूळ स्वराच्या दुप्पट कंपनांचा, म्हणजे वरच्या सप्तकांतील त्याच स्वराचा, थोडा अंश ती आपल्या पदरचा घालते. साध्या चामड्याच्या ढोलाचे उपस्वर मूळ स्वराशीं जुळत नाहींत. पण आपल्या मृदंग-तबल्याच्या शाईमुळें ते सुसंवादी होतात, हें चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं एका सहकाऱ्यासह १९२० सालीं ‘नेचर’ या पत्रांत दाखविलें. म्हणून पखवाजाच्या शाईच्या तोंडाशीं नळीनें घातलेली भर मिळून जाते. पुतण्याच्या झांजांवर मात्र तीच नळी नको त्या स्वरांची खिचडी करी. ही खिचडीच आपणांस आवडते असें तो म्हणाला! तरुणांच्या आवडीस औषध नाहीं. अखेर काकांसाठीं एका मायक्रोफोनपुरती व्हॉल्वची पेटी व ड्रमांकरितां चार मायक्रोफोनांची ट्रान्झिस्टरची, असें ठरलें, आणि एका खर्चाचे दोन खर्च झाले.

या साऱ्यांत चार महिने गेले. पेटी आली त्या रात्रीं पुतण्यानें ती अर्धा तास तापूं दिली. तेवढ्यांत काकांनीं डाव्या तोंडास कणीक लावून पखवाज जुळविला. चौतालांतील सात परणी उत्तम उतरल्या. आठवी त्यांस त्यांच्या गुरूंनीं शेवटीं दिलेली. तिच्या मध्यावर हात थांबला. पुतण्यानें यंत्र बंद केलें नाहीं. काकांनीं मायक्रोफोन थोडा वर घ्यावयास सांगितला व उरलेली परण तोंडानें म्हटली. तोंवर पहाटेच्या मालमोटारी सुरू झाल्या होत्या. मुद्रणांत त्यांचाही आवाज आला आहे.