घरातली मैफल

गुरुवारी रात्री आम्ही चौघे मित्र एकत्र बसायचो. एक पेटी, एक तबला आणि जुना टेपरेकॉर्डर. काय वाजवायचं ते आधी ठरलेलं नसे. कॅसेटमध्ये भाभींच्या कुकरची शिट्टीही उतरायची. त्याची आम्हाला लाज वाटे.

'जास्मिन' ऐकली आणि ती लाज गेली. कीथ जॅरेट हा अमेरिकेतला जॅझ पियानोवादक. २००७ साली न्यू जर्सीतल्या आपल्या घरी त्यानं चार्ली हेडन या जुन्या मित्रासोबत ती वाजवली. १९७६ पर्यंत दोघे एकाच चौकडीत होते. त्यानंतर तीस वर्षं एकत्र बसले नव्हते. घरातल्या लहानशा स्टुडिओत पियानो आणि डबल बास, एवढंच. गाणी जुनी, ओळखीची. त्यातून वाट काढायची ती मात्र वाजवता वाजवता. २०१० साली हे ध्वनिमुद्रण बाहेर आलं. २०१४ साली हेडन गेला. २०१८ साली जॅरेटला पक्षाघाताचे दोन झटके आले. डाव्या हातानं वाजवणं थांबलं.

आमच्या पेटीवाल्याचा उजवा हात गेल्या वर्षी असाच गेला. महिनाभर आम्ही त्याच्यासमोर पेटीचं नावही काढलं नाही. शेवटी त्यानंच ती मागवली. आता तो डाव्या हातानं भाता मारतो आणि पट्ट्यांवर त्याच्या मुलीची बोटं फिरतात. तिचा सूर चुकला की तो भाता थांबवतो.

मोबाइलवर आम्ही तेही उतरवून ठेवतो. कुकरच्या शिट्टीसकट.