अण्णांनी ठेवलेली नावं

चि. सोनू,


परवा अण्णांची जीवन प्रमाणची पावती दाखवायला मी स्क्रीन शेअर केला, तर तुझं लक्ष पावतीकडे नव्हतंच. डाव्या पट्टीत एकाखाली एक लिहिलेलं 'अण्णा', 'सोसायटी', 'मावशी', 'माळा' वाचून तू दोन प्रश्न टाकलेस. मावशीच्या कॉम्प्युटरवर मावशीच्याच खात्याचं नाव 'मावशी' कसं? आणि अण्णांचं खातं तुझ्याही फोनवर आहे, तर तिथे वर नुसता लांबलचक पत्ता दिसतो, पण आतले 'पेन्शन', 'दवाखाना', 'लाइट बिल' हे फोल्डर मात्र मराठीत, हे अर्धवट काय प्रकरण आहे? फोनवर सांगून नीट कळलं नसतं, म्हणून लिहायला बसले आहे.

पहिलं म्हणजे, ही नावं माझी नाहीत, तुझ्या आजोबांची आहेत. थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रॅममध्ये नवं खातं जोडलं की तो ईमेलचा पत्ताच खात्याचं नाव म्हणून लावून मोकळा होतो. मी माहेरचंच आडनाव लावते, आणि सोसायटीचं खातं अण्णा सेक्रेटरी असताना उघडलेलं, त्यामुळे तिथेही आडनाव आधी. पट्टी अरुंद, त्यात अण्णांसाठी अक्षर मोठं केलेलं. परिणाम असा की तिन्ही ओळींवर आमचं आडनाव आणि पुढे तीन टिंबं. संध्याकाळी चहा झाला की अण्णा मेल बघायला बसतात आणि रोज विचारायचे, "यातलं माझं कुठलं?" पट्टी ओढून रुंद करून दिली, तर पत्राला जागा उरेना. शेवटी वैतागून म्हणाले, "पत्ता पोस्टमनला कळला म्हणजे झालं. मला माणसाचं नाव दिसू दे."

ते करणं अगदी सोपं निघालं. खात्यावर राइट-क्लिक करून 'सेटिंग्ज' उघडायचं. उजवीकडे सगळ्यात वर 'अकाउंट नेम' नावाचा चौकोन असतो. त्यातला पत्ता पुसायचा आणि हवं ते लिहायचं, देवनागरीत लिहिलं तरी चालतं. पत्ता बदलत नाही, पासवर्ड बदलत नाही, एक पत्रसुद्धा इकडचं तिकडे होत नाही. अण्णा शेजारी खुर्ची ओढून बसले आणि एकेक नाव सांगत गेले. स्वतःचं 'अण्णा', सोसायटीचं 'सोसायटी'. तिथे सेक्रेटरीचं नाव त्यांनी मुद्दाम घालू दिलं नाही. कमिटीची मुदत पाच वर्षांची, माणसं बदलणार, खातं तेच राहणार. माझ्या खात्याशी आल्यावर मी माझं नाव लिहायला लागले तर म्हणाले, "छे, 'मावशी' लिही. त्या खात्यात अर्धी पत्रं पोरांची असतात, आणि घरात तुला दुसरं कोण कशाने हाक मारतं?" खरंच आहे ते. तुम्हा भावंडांमुळे आता अण्णासुद्धा मला "मावशी, चहा झाला का?" असंच विचारतात.

'मावशी' लिहून झालं आणि अण्णांना एकदम शंका आली. "म्हणजे पेन्शनच्या ऑफिसला माझी पत्रं आता 'अण्णा' म्हणून जाणार की काय?" प्रश्न अगदी बरोबर जागी होता. 'अकाउंट नेम'च्या खालीच दुसरा चौकोन असतो, 'युअर नेम'. दोन्ही जवळजवळ असल्यामुळे लोकांना ते एकच वाटतात. पण वरचं नाव या कॉम्प्युटरबाहेर पाऊल टाकत नाही, आणि खालचं नाव आपण पाठवलेल्या प्रत्येक पत्रावर, पत्त्याच्या आधी, छापून जातं. आपल्याकडे बाळाचं पाळण्यातलं नाव वेगळं आणि शाळेच्या दाखल्यावरचं वेगळं असतं ना, तसंच समज. वर 'अण्णा' लिहिलं, खाली त्यांचं पूर्ण नाव, पेन्शनच्या कागदांवर आहे अगदी तसं, ठेवलं. तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

यातून अण्णांना मी आणखी एक गोष्ट समजावून सांगितली, ती तूही लक्षात ठेव. पत्रावर छापून येणारं नाव पाठवणारा स्वतः लिहितो. ते खरं की खोटं हे वाटेत कोणी तपासत नाही. उद्या एखादा भामटा 'युअर नेम'मध्ये बँकेचं नाव लिहील आणि ते तसंच्या तसं आपल्या इनबॉक्समध्ये दिसेल. त्याच्या पुढचा पत्ता वाचला की मात्र बहुतेकदा सोंग कळतं. ॲड्रेस बुकात असलेल्या माणसांचं फक्त नाव दाखवायचं आणि पत्ता झाकायचा, अशी एक सोय थंडरबर्डच्या सेटिंगमध्ये आहे. आपल्याकडे मी तिच्यावरची खूण काढून टाकली आहे. अण्णांनी नाव वाचावं, पण शेजारी पत्ताही दिसत राहावा.

आता तुझा दुसरा प्रश्न. खात्याचं नाव या कॉम्प्युटरपुरतं, म्हणून 'अण्णा' तुझ्या फोनवर येत नाही. फोल्डर मात्र कॉम्प्युटरवर नसतात, ते सर्व्हरवर असतात. हल्ली बहुतेक खाती आयमॅप पद्धतीने चालतात. स्टॅनफर्डमध्ये मार्क क्रिस्पिन यांनी ती 1986 मध्ये बांधली. पत्रं आणि फोल्डर सर्व्हरवरच ठेवायचे आणि कुठल्याही यंत्रावरून येऊन तेच बघायचे, ही तिच्यामागची कल्पना. म्हणून मी इथे 'बिलं'चं 'लाइट बिल' केलं की सर्व्हरवर नाव बदलतं आणि तिकडे तुझ्या फोनवरही 'लाइट बिल' दिसायला लागतं. खात्याला काहीही नाव दे, कोणाला पत्ता लागणार नाही. पण अण्णांच्या खात्यातल्या फोल्डरचं नाव बदलायचं असेल तर आधी अण्णांना विचार. नाहीतर सकाळी उठून 'दवाखाना' शोधत बसतील.

फोल्डरचं नाव बदलता येतं, या नियमाला एक मोठा अपवाद आहे, इनबॉक्स. अण्णांना त्याचंही नाव बदलून हवं होतं, 'आलेली पत्रं' असं. थंडरबर्ड ते करू देत नाही, नाव बदलायची सोयच तिथे मिळत नाही. कारण आयमॅपमध्ये इनबॉक्स हे नाव राखीव आहे. नवीन पत्र कुठे टाकायचं हे सर्व्हरला त्या नावावरूनच कळतं. आयमॅपच्या नियमात एक गंमत आहे. इनबॉक्सला नवं नाव देण्याचा हुकूम सर्व्हरला दिलाच, तर तो आतली सगळी पत्रं नव्या नावाच्या फोल्डरात हलवतो आणि इनबॉक्स रिकामा करून जागच्या जागी ठेवतो. म्हणजे अण्णांच्या हाती 'आलेली पत्रं' लागला असता, पण दुसऱ्या दिवशीपासून येणारी पत्रं परत इनबॉक्समध्येच. हे ऐकल्यावर अण्णांनी हट्ट सोडला.

बाकी फोल्डरची मराठी नावं सर्व्हरवर कशी ठेवली जातात हे तुला, इंजिनिअर माणसाला, आवडेल. आयमॅप जन्मला तेव्हा जग इंग्रजी अक्षरांचं होतं. नंतर इतर लिप्यांची नावं हवी झाली, तेव्हा ती इंग्रजी अक्षरांत गुंडाळून ठेवायची युक्ती निघाली. समज, मी 'घर' नावाचा फोल्डर केला. त्यातल्या प्रत्येक अक्षराला युनिकोडमध्ये क्रमांक आहे. ते क्रमांक जोडून, सहा-सहा बिटांचे तुकडे पाडून, प्रत्येक तुकड्याला एक इंग्रजी अक्षर दिलं जातं. 'घर'चं होतं असं: आधी '&' ही खूण, मग मोठा सी, मोठा आर, छोटा जी, मोठे जे, एम, ए आणि शेवटी आडवी रेघ. थंडरबर्ड हे उलगडून आपल्याला 'घर' दाखवतो. एखाद्या जुन्या किंवा कच्च्या प्रोग्रॅममध्ये फोल्डरच्या जागी असलं '&'ने सुरू होणारं काही दिसलं, तर घाबरून पुसू नकोस, आतलं नाव शाबूत असतं. 2021 मध्ये आयमॅपची नवी आवृत्ती ठरली. तिच्यात नावं सरळ युनिकोडमध्ये ठेवायची सोय आहे, पण जुन्या पद्धतीचे सर्व्हर अजून भरपूर आहेत.

नावात तिरकी रेघ मात्र घालू नकोस. आपल्याला आर्थिक वर्ष 2024/25 असं लिहायची सवय. बऱ्याच सर्व्हरवर ती रेघ म्हणजे फोल्डरच्या पोटातला फोल्डर. जीमेलवर असं नाव दिलंस तर '2024' नावाचा एक फोल्डर आणि त्याच्या आत '25' असा संसार उभा राहतो. सोसायटीच्या हिशेबाचे फोल्डर म्हणूनच '2024-25' असे आडव्या रेघेचे आहेत.

तू जर्मनीत आहेस म्हणून ही एक गोष्ट खास तुझ्यासाठी. भाषा सुधारायची म्हणून तू सगळं जर्मनमध्ये करणार असं म्हणाला होतास. जीमेलची भाषा जर्मन केलीस की आयमॅपमधून दिसणारी त्याची ठरावीक नावंही जर्मन होतात. पाठवलेल्या पत्रांचा फोल्डर 'गेझेंडेट', कचऱ्याचा 'पापिअरकोर्ब'. तुझ्या स्वतःच्या खात्यात खुशाल कर, पण अण्णांच्या खात्यात नको, कारण ती नावं इथेही दिसतील. यंत्राचा गोंधळ होत नाही. 2011 मध्ये आयमॅपला एक जोड मिळाली. तिच्यामुळे सर्व्हर फोल्डरवर वेगळी खूण लावून सांगू शकतो की हा पाठवलेल्यांचा, हा कचऱ्याचा, नाव काहीही असो. खूण यंत्रासाठी, नाव आपल्यासाठी.

जर्मनीत तर जीमेलचं स्वतःचं नावसुद्धा बदललं होतं. तिथे ते नाव आधीच दुसऱ्याने ट्रेडमार्क म्हणून नोंदवलेलं होतं, म्हणून 2005 पासून गूगलला 'गूगल मेल' असं चालवावं लागलं आणि 2012 मध्ये तडजोड झाल्यावर जीमेल परत आलं. ब्रिटनमध्येही 2005 पासून काही वर्षं हाच प्रकार होता. या दोन्ही देशांतल्या लोकांच्या फोल्डरच्या यादीत चौकटी कंसातलं 'जीमेल' न दिसता 'गूगल मेल' दिसायचं. तिथल्या कुणा जुन्या सहकाऱ्याचा पत्ता 'गूगलमेल डॉट कॉम'ने संपत असेल तर तो चुकीचा समजू नकोस, दोन्ही पत्त्यांची पत्रं एकाच पेटीत पडतात.

राहिला 'माळा'. थंडरबर्डमध्ये सगळ्यात खाली 'लोकल फोल्डर्स' असतं. कुठल्याच सर्व्हरशी त्याचा संबंध नाही, त्यातली पत्रं फक्त याच कॉम्प्युटरच्या डिस्कवर असतात. त्याचंही नाव खात्यासारखंच बदलता येतं. जुनं पण टाकवत नाही असं सगळं अण्णा तिथे टाकतात: सोसायटीच्या रंगकामाची कोटेशनं, तुझ्या व्हिसाच्या वेळचा पत्रव्यवहार, शिवाय तू पहिल्या महिन्यात तिकडच्या थंडीबद्दल लिहिलेलं ते लांबलचक पत्र. डिस्क गेली तर माळाही जाईल, म्हणून त्याची नक्कल मी वेगळ्या डिस्कवर काढून ठेवते. सर्व्हरवरच्या फोल्डरांना तो घोर नाही.

तू विचारण्याआधीच सांगते, यात पैसे काही गेले नाहीत. थंडरबर्ड फुकट आहे. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती 2004 च्या डिसेंबरात आली. 2023 च्या 115 व्या आवृत्तीत ही डावी पट्टी पार नव्याने बांधली. त्याआधी हौशी लोक एका मजकुराच्या फाइलमध्ये नियम लिहून फोल्डरच्या नावांचा रंग, जाडी, आकार बदलायचे. पट्टी नवी झाल्यावर त्यातले बरेच नियम निकामी झाले. मी त्या वाटेला जात नाही. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये त्याच्या चित्राला रंग देता येतो, अण्णांना तेवढं पुरतं. 'पेन्शन' हिरवा आणि 'दवाखाना' लाल. शिवाय देवनागरी नावं यादीत इंग्रजी नावांच्या खाली जातात. त्यामुळे जे वर हवं त्याच्या आधी आकडा टाकायचा: '1 पेन्शन', '2 दवाखाना'. तुझ्या फोनवर ते आकडे का दिसतात, तेही आता कळलं असेल.

आता तुझं काम. फोनवर अण्णांच्या खात्याच्या सेटिंगमध्ये जा आणि खात्याच्या नावाच्या जागी 'आजोबा' लिही. तुझ्या फोनवर ते अण्णा नाहीत. पाठवणाऱ्याच्या नावाला मात्र हात लावू नकोस, त्यांच्या वतीने तू इथल्या कार्यालयाला काही पाठवलंस तर पेन्शनच्या कागदांवरचंच नाव जायला हवं. तुझ्या स्वतःच्या खात्यातही 'युअर नेम' एकदा तपास. तिथे अजून 'सोनू' दिसतं, आणि हेच नाव घेऊन तू नोकरीचे अर्ज पाठवतो आहेस. पासपोर्टवरचं पूर्ण नाव लिही आणि मग पुढचा अर्ज टाक.

तब्येतीला जप. तुझ्या आईला आठवड्यातून एकदा तरी फोन कर, मेल चालणार नाही.

तुझी,
मावशी